दुखवट्याला लावलेलं अत्तर

मी कुठेही गेलो तरी माझ्याआधी माझा वास पोचतो, असं माझी बायको म्हणते. हे तिने कौतुकाने म्हटल्याचं मला आठवत नाही. कोल्हापुरात एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. पन्नाशी ओलांडली आहे, दारू नाही, तंबाखू नाही, स्कूटर पंधरा वर्षांची आहे. सगळी हौस कपाटाच्या वरच्या दोन फळ्यांवर मांडलेली आहे. पुरुषांनी लावायची अत्तरं आणि परफ्यूम, देशी, परदेशी, भरलेली, अर्धी, आणि काही नुसत्याच रिकाम्या बाटल्या, ज्यांची बुचं उघडून मी अजून हुंगतो. "घराला रंग द्यायचा म्हटलं की तुमच्याकडे पैसे नसतात," हेही बायकोचंच वाक्य.

आमच्यासारख्या वेड्यांचा फोनवर एक गट आहे. रोज सकाळी प्रत्येकाने आज अंगाला काय लावलं ते लिहायचं, मग बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा. महागडी बाटली एकाने घ्यायची आणि बोटभर शिश्यांमधून इतरांना कुरिअरने वाटायची. या गटातच मला विलास भेटला. आंबेगाव तालुक्यातल्या पेठ गावात, पुणे-नाशिक रस्त्याला, त्याचं खतांचं आणि पिकांवर फवारायच्या औषधांचं दुकान. "दिवसभर औषधाच्या वासात बसतो राव, सांजच्याला माणसात यायला कायतरी नको का?" असं तो म्हणायचा.

आम्ही प्रत्यक्ष भेटलो एकदाच, पुण्याच्या एका मॉलमध्ये. काउंटरवरच्या मुलीने दिलेल्या कागदाच्या पट्ट्या संपल्यावर आम्ही एकमेकांच्या हातांवर फवारे मारून बघू लागलो. पोटं सुटलेले दोन गृहस्थ एकमेकांची मनगटं हुंगताहेत हे पाहून ती बिचारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेली. विलास हसून हसून खोकायला लागला. इतका मोकळा हसणारा माणूस मी आमच्या स्टाफरूममध्ये पाहिलेला नाही.

त्याच्या सगळ्या बाटल्यांत लाडकी एकच. कुठल्याशा फ्रेंच कंपनीने काढलेली आणि खपत नाही म्हणून बंद केलेली. काच काळी, म्हणून आमच्यात तिचं नाव काळी. लावली की आधी लिंबाची साल, मग लवंग, आणि तासाभराने ओला वाळा, तंबाखू आणि नवी कोरी चप्पल. शेवटची बाटली मला मिरजेच्या एका जुन्या दुकानात धूळ खात पडलेली मिळाली. अर्धी मी ठेवली, अर्धी त्याला पाठवली. तो ती बाहेर कधीच लावायचा नाही. दुकान बंद करून घरी जायचं, अंघोळ करायची, काळी लावायची आणि आईशेजारी जेवायला बसायचं, हा त्याचा रोजचा क्रम. जेवणाच्या ताटावर परफ्यूम लावून बसणारा माणूस रसिक नव्हे, अशी आम्ही त्याची टिंगल करायचो.

माघात तो गेला. छातीत दुखलं, पुण्याच्या दवाखान्यात चार दिवस काढले आणि गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. गटातल्या प्रत्येकाने त्या दिवशी त्याच्या आवडीचं काहीतरी लावलं आणि तसं लिहिलं. मला शाळेच्या परीक्षांमुळे निघायला दीड महिना लागला. पुण्यात गाडी बदलताना मी काळीचे चार फवारे मारले. दोन गळ्याला, दोन मनगटांना. मित्राच्या घरी दुखवट्याला निघालो होतो, आणि आमच्या जातीच्या माणसांना याहून मोठी श्रद्धांजली ठाऊक नाही.

पेठ

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की शेजारी बसलेल्या बाईंनी राजगुरुनगरपासून नाकाला पदर लावला होता. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "काय सांडलंय का भाऊ तुमचं?" मी नाही म्हटलं. त्यांनी खिडकी पूर्ण उघडली.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत विलासचा धाकटा भाऊ गणेश, पस्तिशीचा, विलाससारखाच आडवा. त्याने खताच्या गोणीवर पोतं टाकून मला बसायला दिलं. औषधांचा वास इतका उग्र की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. गणेशला वाटलं मी रडतोय, त्याचेही डोळे भरले. ते बघून मला खरंच रडू आलं. कोपऱ्यात तणनाशकाच्या डब्यांवर विलासचा चष्मा तसाच होता.

"दादाची काळी बाटली संपली, सर," गणेश म्हणाला. "दहाव्याला कावळा शिवंना. आमी तासभर नदीवर उभं. समद्यांनी हात जोडले, पोरीचं शिक्षण करू म्हणलो, दुकान चालवू म्हणलो. कावळा फांदीवर बसून नुसता बघतोय. मंग कुणीतरी म्हणलं, त्याचा जीव त्या वासात व्हता. म्हणून मी ती बाटली आणली आणि पिंडाच्या भवती समदी वतली."

"मग?"

"मंग काय. जो फांदीवर व्हता तो बी उडून गेला."

आमच्याकडे असं झालं की दर्भाचा कावळा करून शिववतात. इथेही शेवटी तेच केलं होतं. मला हसू आलं. विलासला ही गोष्ट सांगता आली असती तर तो आठवडाभर हसला असता.

मग गणेश घरचं बोलला. "घरी गेलं की दादाचं काय बोलू नका, सर. आईला सांगितलेलं न्हाई."

त्यांच्या आईचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेलेले, कान मात्र तिखट. विलासला दवाखान्यात नेलं तेव्हा तिला तिच्या बहिणीकडे आळे गावाला पोचवलं, ते तेरावं उरकेपर्यंत तिथेच ठेवलं. तिला सांगितलं की विलास कंपनीच्या टूरवर गेलाय. औषध कंपन्या माल खपवणाऱ्या दुकानदारांना दरवर्षी परदेशात फिरवून आणतात. विलास दोनदा जाऊन आला होता, त्यामुळे तिला ते पटलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला गणेश दुकानातच गाठायचा आणि समजावून सांगायचा. विलासची मुलगी पुण्याला शिकते. तिला आजीसमोर खोटं बोलता येत नाही, म्हणून ती घरीच येत नव्हती.

"डॉक्टर म्हणले, तिचं काळीज कमजोर हाय. म्हणून सांगितलं न्हाई. आता परवापासनं तिनं जेवण सोडलंय. नुसता चहा घेती. इलास आला की जेवीन म्हणती."

हे सगळं तो माझ्यापासून दोन हातांवर बसून सांगत होता. पंधरा वर्षं औषधांत काढलेल्या त्याच्या नाकाला दुसरा कुठला वास कळतच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कळत असता तर त्याने मला तिथेच थांबवलं असतं. आणि मी स्वतः, नाकावर जगणारा माणूस, आपण काय लावून आलोय याचा विचारही केला नाही. लावून तीन तास झाले की स्वतःचा वास स्वतःला येत नाही. आमच्या गटात हे नवशिक्यांना पहिल्या दिवशी सांगतात.

मोटरसायकलवर मागे बसून मळ्यात गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये कांदा काढायला आलेला. घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी, आणि पडवीत भिंतीला लागून म्हातारीची खाट. विलासची बायको सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आली आणि तिथेच थबकली. तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं. अनोळखी माणूस बघून बावरली असेल, असं मला वाटलं. मी नमस्कार करण्यासाठी हात जोडले. तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"आला का रं, इलास?"

तिघंही जागच्या जागी उभे राहिलो. म्हातारी उठून बसली होती. तोंड वर करून, शेळी वारा घेते तसा ती वास घेत होती. "किती दिस लावलंस रं. ये की हिकडं."

मी गणेशकडे पाहिलं. त्याला आधी काहीच कळलं नाही, मग कळलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आशा म्हणेन. त्याने मला दंडाला धरून खाटेपाशी बसवलं. "दादाचा घसा बसलाय, आई," तो म्हणाला. "विमानातल्या गारव्यानं. डॉक्टरनी बोलू नको म्हणलंय."

म्हातारीने माझं मनगट धरलं आणि नाकाशी नेलं. बराच वेळ तिने ते तसंच धरून ठेवलं. "लई बारीक झालास," ती म्हणाली. "तिकडं भाकर न्हाई भेटत व्हय?" मग उंबऱ्याच्या दिशेने वळून म्हणाली, "सुनंदा, वाढ आमाला."

सुनंदाने दोन ताटं आणली. पिठलं, भाकरी, कांदा. म्हातारी दोन दिवसांची उपाशी होती. एक हात माझ्या मनगटावर ठेवून तिने दुसऱ्या हाताने अख्खी भाकरी खाल्ली. मीही खाल्लं. मला वाटलं होतं घास अडकेल, पण नाही अडकला. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता. आयुष्यभर ज्या नादापायी बोलणी खाल्ली, त्या नादाने एका म्हातारीला जेवायला लावलं होतं.

दुखवट्याच्या घरात चहा-पाणी घ्यायचं नाही आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही, हा रिवाज आमच्याकडे आहे तसाच इकडेही आहे. मी त्या घरात पोटभर जेवलो. म्हातारी झोपल्यावर बाहेर पडलो तेव्हा सुनंदा मोरीत भांडी घासत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. "येतो वहिनी," असं मी हळूच म्हणालो.

बाहेर गणेशने माझे दोन्ही हात धरले. "सर, ती बाटली मला द्या. सांजच्याला मी लावून बसतो. माझं अंग बी दादासारखंच हाय." खिशातली शिशी मी त्याला दिली. तिच्यात आठवडाभराचं होतं. घरी कपाटात आणखी बोटभर. ते संपलं की जगात कुठेच मिळणार नव्हतं.

"जुन्नरला एक अत्तरवाले आहेत, विलास सांगायचा," मी म्हणालो. "नाकाने ओळखून हुबेहूब बनवतात म्हणे. उद्या जाऊन बघतो."

दिवस आहे तोवर गणेशने मला नारायणगावच्या लॉजवर सोडलं. उसात बिबट्या असतो, अंधार पडल्यावर मोटरसायकलवर मागे बसलेल्या माणसाचं काही खरं नाही, असं त्याने वाटेत सांगितलं. मी मागेच बसलो होतो.

जुन्नर

सकाळी नारायणगावात मिसळ खाल्ली. कोल्हापूरचा माणूस दुसऱ्या गावची मिसळ खातो तेव्हा ती नावं ठेवायलाच खातो. पण ही मिसळ चांगली होती. कट आमच्यापेक्षा सौम्य, मटकी मोठी आणि नरम. मग एसटीने जुन्नर. गावात शिरलं की शिवनेरी डोक्यावर उभा राहतो. माझे गुडघे आणि तो किल्ला यांचं जमणार नाही हे खालूनच कळलं, तेव्हा नमस्कार करून बाजाराची वाट धरली.

रशीदभाईंचं दुकान एका माणसाने हात पसरले तर भरेल एवढं. टोप्या, जपाच्या तसबी, सुरमा, अगरबत्ती, आणि मागच्या भिंतीला अत्तरांच्या शिश्यांची शिसवी पेटी. सत्तरीचे असतील, दाढी मेंदीची. विलासचं नाव घेतल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं. "पेठचे औषधवाले ना? लई चिकित्सक माणूस. अर्धा दिवस बसायचे आणि एक फाया घेऊन जायचे."

तो गेल्याचं सांगितलं. त्यांनी पुटपुटत दुआ केली आणि थोडा वेळ पेटीवरून हात फिरवत बसले.

माझ्या सदऱ्याच्या कॉलरला आदल्या दिवशीची काळी अजून होती. लॉजवर मी तो सदरा मुद्दाम न धुता पिशवीत बांधून ठेवला होता. रशीदभाईंनी कॉलर नाकाशी धरली, बाजूला केली, स्वतःच्या बाहीत दोनदा श्वास घेतला आणि परत धरली. मी पिशवीतून कागदाच्या पट्ट्या काढल्या तर म्हणाले, "ते ठेवा साहेब. कागदाला घाम येतो का?"

मग त्यांनी काचेच्या काडीने एकेक शिशी उघडून माझ्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटापासून कोपरापर्यंत ठिपके लावले. खस म्हणजे आपला वाळा, लवंग, तंबाखूचं काहीतरी, चामड्याचं काहीतरी. एक ठिपका लावायचा, थांबायचं, माझं मत विचारायचं आणि ते न ऐकता दुसरा लावायचा. असा आनंद मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. आम्ही भांडलो. लवंग जास्त झाली म्हणालो, तर त्यांनी मला लवंग आणि दालचिनी यांतला फरक शिकवला. मी मित्राच्या दुखवट्याला आलोय हे पहिल्या तासातच विसरून गेलो होतो. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

चौथ्या मिश्रणावर त्यांनी बूच लावलं. "आता जेवून या. वास बसला पाहिजे. घाईत सगळीच अत्तरं सारखी लागतात."

एका खानावळीत मासवडी मिळाली. नाव ऐकून परगावचा माणूस फसतो, मासा तिच्यात औषधालाही नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून गुंडाळायचं, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्श्यात सोडायच्या. आमच्या तांबड्या रश्श्याच्या जवळपास जाणारा हा पहिलाच रस्सा मला सापडला. दुसरी वाटी घेत असताना गणेशचा फोन आला. "आई काल पोटभर जेवली, सर. मी शेजारी बसलो व्हतो. माझा हात धरूनच झोपली." मी खानावळवाल्याला तिसरी वाटी मागितली.

परत गेलो तेव्हा रशीदभाईंनी एका मनगटावर कॉलर धरली आणि दुसऱ्यावर मिश्रण लावलं. डोळे मिटून मी चारदा अदलाबदल केली. फरक नव्हता. थोडा होता, लिंबाची साल जरा लवकर उडत होती, पण तो मला आणि त्यांनाच कळावा इतका. तीस वर्षांच्या हौसेत इतकी बिनचूक नक्कल मी पाहिली नव्हती.

शिशी भरताना त्यांनी विचारलं, "कुणासाठी? तुमच्यासाठी न्हाई. तुमी इतकी घाई केली नसती."

मी सांगितलं. सगळं. ते हातातली काडी पुसत राहिले.

"मयताला आमी बी अत्तर लावतो, साहेब," ते म्हणाले. "कफनाला, कपाळाला. पण ते जाणाऱ्यासाठी असतं. त्यानं चांगलं जावं म्हणून."

मी म्हणालो, म्हातारी जेवते आहे, आणखी काय हवं? त्यांनी वाद घातला नाही. शिशीला बूच लावलं, वर मेणाचा थेंब टाकला आणि फडक्यात बांधून दिली. पैसे सांगितले, मी दिले. दुकानातून निघताना मला कुठल्याही माणसाचं बोलणं ऐकण्याची इच्छा नव्हती. माझ्या हाताला विलासचा वास येत होता.

पुन्हा पेठ

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पेठेला उतरलो. अत्तर प्रवासात कसं टिकतं हे बघायला सकाळी निघतानाच लावलं होतं. छान टिकलं होतं. गणेश दुकानात होता, गिऱ्हाइकं होती. त्याने बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "व्हा पुढं सर. आई वाट बघतीय."

मळ्याची वाट रस्त्याला मिळते तिथे बांधावर सुनंदा बसली होती. मला बघून उठली.

"भाऊ, जरा थांबा. लावून आलाय न्हवं?"

"हो, जुन्नरचं आहे. अगदी तेच जमलंय. बघा बरं, वहिनी, ओळखू येतं का," असं म्हणून मी सवयीने मनगट पुढे केलं.

ती दोन पावलं मागे सरली. माझा हात तसाच हवेत राहिला. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे, पण तो हात मला अजून रात्री आठवतो.

"त्या दिवशी तुमी आलात," ती म्हणाली, "तवा मी पाणी घेऊन उंबऱ्यात आले. वास आला, आणि मला वाटलं समदं खोटं व्हतं. हे आलेत. इतकाच वेळ," तिने चिमूट दाखवली, "पण वाटलं. मंग तुमचं तोंड दिसलं."



"सांजच्याला भाऊजी ते लावून बसले. मी ताट वाढायला वाकले तर त्यांच्या अंगाला माझ्या नवऱ्याचा वास. धाकटा दीर हाय माझा. लग्न होऊन आले तवा शाळेत व्हता, मी डबा करून द्यायची त्याला. काल पुन्ना तेच. आत्या जेवल्या. माझा घास खाली गेला न्हाई. न्हाणीत जाऊन वकले मी, तोंडात पदर कोंबून, आत्यांना ऐकू जाईल म्हणून." तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं. "तुमी बाटली भरून आणलीय. किती दिस पुरंल ती?"

जपून लावलं तर वर्षभर, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते ऐकून म्हातारीची सगळी माणसं खूश होतील, अशी मी एसटीत कल्पनाही केली होती. "वर्षभर," मी म्हणालो.

"वर्सभर," ती म्हणाली. "मी आजच सांगणार हाय आत्यांना. भाऊजींना कळलं तर ते आडवे येतील, म्हणून आत्ताच. तुमी नुसतं बसा. कुणी बसलेलं असलं मंजी मला मधनंच उठून पळता येणार न्हाई."

"त्यांच्या जिवाला काही झालं तर?"

"झालं तर मी केलं," ती म्हणाली. "असं किती दिस जगायचं त्यांनी तरी? मेलेल्या माणसाची वाट बघत?"

वास धुवावा लागणार होता. विहिरीला लागून हौद होता. लाइट नव्हती, मोटर बंद, त्यामुळे हौदात होतं तेवढंच पाणी. सुनंदाने कपड्यांचा साबण आणला आणि ती तांब्याने माझ्या हातांवर पाणी घालू लागली, स्मशानातून आलेल्या माणसाच्या हातावर घालतात तशी. चांगलं अत्तर साबणाने जात नाही. मी माती लावून घासलं, राख लावून घासलं, मनगटं लाल झाली. पिशवीतला धुतलेला सदरा घातला. शेवटी तिने जवळ येऊन वास घेतला आणि होकारार्थी मान डोलावली.

म्हातारी खाटेवर बसून शेंगा सोलत होती. जेवणाने चेहरा उजळला होता. आमची पावलं ऐकून तिने तोंड वर केलं. वाऱ्यात काही सापडलं नाही.

"कोण हाय?"

"कोल्हापूरचे भाऊ, आत्या. ह्यांचे दोस्त."

"बसा पावणं. इलास सांजच्याला येतो. त्याचा घसा बसलाय."

सुनंदा खाटेपाशी जमिनीवर बसली आणि तिने खाटेचा पाय धरला. मी चौकटीला टेकून उभा होतो. पळून जावंसं मला वाटत होतं, आणि दारात मीच उभा होतो.

"आत्या, परवा तुमी ज्यांचा हात धरून जेवलात ते हे भाऊ व्हते. नंतर दोन रोज गणेश व्हता. त्यांचा वास लावून बसले व्हते दोघं. ते न्हाई आले, आत्या. ते गेले."

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिचे आंधळे डोळे कुठेही वळले नाहीत. बाहेर कुणीतरी लांब बैलाला हाक मारत होतं.

"कवा?"

"दीड महिना झाला. पुण्याला, दवाखान्यात. छातीत दुखलं व्हतं."

"मंजी मी आळ्याला व्हते तवा."

"व्हय."

मी हंबरडा ऐकायची तयारी करून उभा होतो. डॉक्टरने सांगितलेलं काळीज मला समोर दिसत होतं. म्हातारीने शेंगांची पाटी बाजूला ठेवली आणि खाली हात नेऊन चाचपत सुनंदाचं डोकं शोधलं. हात डोक्यावर राहिला.

"महिनाभर मी ह्या घरात पडून हाय," ती म्हणाली. "मला दिसत न्हाई, पण ऐकू समदं येतं. कुणी रडलेलं ऐकलं न्हाई मी. तू रडलीस कुठं गं?"

"विहिरीवर. मोटर चालू करून."

"आणि लाइट नसली मंजी?"

म्हातारी भिंतीकडे सरकली आणि तिने अंथरुणात सुनंदापुरती जागा केली.